सरांची विरघळणारी पिशवी

तीन माणसं रोज एकाच पातेल्याभोवती उभी राहिली, की किस्से आपोआप साठतात. मी ते सांगायला लागलो की मित्र विचारतात, "तुम्ही तिथं काम करता की नुसती गंमत?" अहो, कामच करतो! कारेगावात कामगारांना भाड्यानं देतात तसल्या दोन खोल्या आम्ही घेतल्यात. तिथं मक्याचा स्टार्च, पाणी, व्हिनेगर आणि ग्लिसरीन शिजवून प्लास्टिकसारखा पापुद्रा बनवतो. तो मातीत विरघळतो. म्हणजे विरघळावा, अशी अपेक्षा आहे.

हा उद्योग शिरूरच्या आमच्या सरांचा. त्यांनी जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. मला नापास करणारे तेच. रिटायर झाल्यावर एकदा रस्त्यात भेटले आणि म्हणाले, "आयुष्यभर सगळं फळ्यावरच बनवलं रे. आता एक तरी वस्तू अशी बनवायचीय, की कुणीतरी ती खरोखर वापरेल." त्यांचा चेहरा बघून मला राहवलं नाही. कंपनीतली पॅकिंगची नोकरी सोडून मी त्यांच्याकडे आलो. बायको त्याचं कारण अजून विचारते.

*

सुरुवातीला ग्लिसरीनचा ड्रम कुठं मिळतो हेच आम्हाला माहीत नव्हतं. सरांनी शिरूरच्या मेडिकलमधून होत्या तेवढ्या छोट्या बाटल्या उचलल्या. दुकानदारानं सहज विचारलं, एवढ्या कशाला? आमचे सर साध्या प्रश्नाला साधं उत्तर देतील तर शपथ. नुसता स्टार्च वाळला की ताठ होतो, तडकतो, ग्लिसरीन त्याला मऊ ठेवतं, असा पूर्ण तासच घेतला त्यांनी काउंटरवर.

दुकानदारानं शांतपणे ऐकून घेतलं आणि एक ट्यूब पुढं सरकवली. "सर, टाचा एवढ्या तडकल्या असतील तर नुसत्या ग्लिसरीननं नाही भागायचं."

पुढं आठवडाभर तो बाजारात दिसेल तिथं सरांच्या मिसेसना टाचा कशा आहेत विचारत होता. काकू आमच्याशी अजून नीट बोलत नाहीत.

*

आमच्या तिसऱ्या पार्टनर पार्वतीमावशी. कुरडया-पापडांच्या ऑर्डरी घेणाऱ्या. चीक शिजवण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही, म्हणून सरांनी त्यांना मुद्दाम बोलावलं. सर ग्रॅममध्ये बोलायचे, मावशी पळीत. "चीक कवा शिजला ते डोळ्याला कळतंय सर, काट्याला काय कळतंय?"

एक दिवस सर दाढ काढायला गेले. मावशींनी एकटीनं घाणा शिजवला, पातळ पसरला आणि गच्चीवर वाळत घातला. दुसऱ्या दिवशी सर बघतात तो काय, सगळ्या पापुद्र्यावर काळे ठिपके! हाताच्या सवयीनं मावशींनी मीठ, पापडखार आणि जिरं घातलं होतं.

सर चिडतील असं मला वाटलं. त्यांनी तो पापुद्रा ताणला, दुमडला, पिळला. कुठं तडा नाही. मग वहीत लिहिलं, "जिरे. परिणाम उत्तम. कारण अज्ञात." ती वही कुणी तज्ज्ञ माणूस वाचेल तेव्हा आमचं काय होईल, देव जाणे.

*

पावसाळ्यात मात्र आमचं पितळ उघडं पडलं. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं. सगळे पापुद्रे ओलसर, चिकट झाले. एक तर सरांच्या पाठीला चिकटून थेट शिरूरला गेला. बसमध्ये कुणी सांगितलं नाही, घरी काकूंनी सोलून काढला.

मावशी टेबल पुसत म्हणाल्या, "आपन राबतोय आन् घाम ह्याला."

*

इतके दिवस झाले तरी आमची वस्तू वापरणारा एकही माणूस मिळाला नव्हता. सर बोलायचे नाहीत, पण जेवण कमी झालं होतं. मला फार वाईट वाटायचं. शेवटी ओळखीनं वरवंडचे आप्पा भेटले. त्यांची मिरची-टोमॅटोच्या रोपांची नर्सरी. आम्ही पापुद्र्याच्या छोट्या पिशव्या करून नेल्या. रोप पिशवीसकट लावायचं, पिशवी मातीत जिरून जाते.

आप्पांचं पूर्वी गुऱ्हाळ होतं. समोर येईल ती वस्तू आधी जिभेला लावायची, ही त्यांची पद्धत. त्यांनी पिशवीचा कोपरा चावला, डोळे मिटून चघळला. "गोड हाय. म्हंजी उंदरं येनार."

तरी त्यांनी पन्नास पिशव्या ठेवून घेतल्या. अट एकच घातली. लागवडीपर्यंत महिनाभर रोप पिशवीत नीट उभं राहिलं पाहिजे. सरांनीही छाती ठोकून सांगितलं, "रोप टिकेल आणि पिशवी विरघळेल. दोन्ही होईल."

महिना सरांनी कसा काढला ते मी पाहिलंय. ठरल्या दिवशी आम्ही वरवंडला गेलो. शेडमध्ये पन्नासच्या पन्नास रोपं ताठ उभी, हिरवीगार. सरांचे डोळे भरून आले. पण रोपं होती नर्सरीच्या नेहमीच्या काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत.

सरांनी हळूच विचारलं, "आप्पा, आमच्या पिशव्या कुठायत?"

"आतच हायती की. पानी घातलं तशा त्या मऊ पडाय लागल्या. तुमची वस्तू, वाया जायला नको, म्हनून दुसऱ्याच दिवशी प्रत्येकीवर वरनं एकेक प्लास्टिकची चढवली."

सरांनी एका रोपाच्या मातीत बोट घातलं, सगळीकडं चाचपलं. आमच्या पिशवीचा मागमूस नव्हता.

"रोप टिकलं का न्हाई?" आप्पा म्हणाले. "टिकलं. पिशवी इरघळली का न्हाई? इरघळली. तुमी दिलेला शब्द खरा झाला, सर."

सर बोटाची माती झटकत राहिले. आप्पांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"आता पाचशे द्या. प्लास्टिकच्या पिशव्यांचं मी बघतो."