खरवडलेल्या ओळी

मुलांनो, दुर्ग स्टेशनवर मी उतरले तेव्हा खांद्याला कागदांची जाड गुंडाळी होती आणि पिशवीत दोन ब्रश, काजळीची शाई, कापडाचे बोळे. मी तेव्हा नागपुरात जुने शिलालेख वाचण्याचे काम करी. भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहत होता आणि त्याच्या जमिनीत जाणाऱ्या एका गावात कोरीव अक्षरांचा दगड होता. गाव शनिवारी उठणार होते. मी गुरुवारी पोचले.

चुलतबहिणीचे यजमान दुर्गला रेल्वेत होते. शुक्रवारी सकाळी टांगा करून ते माझ्याबरोबर निघाले.

"ताई, तुमी मेलेल्या राजाचे कागद वाचता," ते म्हणाले, "जित्या मानसाचे कोन वाचन? ह्या गाववाल्यायचे अर्ज धूळ खाऊन राहिले."

"तुम्ही वाचा की, भाऊजी."

"मले गाडीचं टाइमटेबल वाचता येते, तेवढं पुरे."

पुढे रस्ताच संपला. लाल मुरमाचे ढीग, चर, ट्रकांची रांग. चाक चरात गेले तेव्हा आम्ही उतरून चालू लागलो. गावातल्या निम्म्या घरांवरची कवेलू (कौले) उतरवली होती. बायका त्यांतली धड कवेलू निवडून बाजूला रचत होत्या. कोणी मान वर केली नाही.

गावदेवीचा म्हातारा पुजारी (बैगा) वाट पाहत होता. त्याने आधी बासी (पाण्यात भिजवलेला रात्रीचा भात) आणि कांदा खायला घातला. मग आम्हाला तळ्याच्या पाळीवर नेले.

"पथरा ला बने मांज डारे हंव, बाई. दू दिन लागिस," तो म्हणाला. (दगड चांगला घासून ठेवलाय, दोन दिवस लागले.)

दगड खरोखर लख्ख होता. मी बोटे फिरवली; अक्षरे हाताला लागेनात. पंधरा दिवसांपूर्वी मीच गावच्या मास्तरांना लिहिले होते, "मी येण्याआधी दगड स्वच्छ करून ठेवावा." पाण्याने, हलक्या हाताने, हे लिहायचे राहिले. पिढ्यान्‌पिढ्या चढवलेल्या तेलाशेंदराचा बोटभर थर म्हाताऱ्याने खुरप्याने काढला होता, आणि त्याबरोबर मऊ वालुकाश्माचे पापुद्रेही. शेंदराखाली अक्षरे इतकी वर्षे सुरक्षित होती.

"एमा हमर गाँव के नाव हे न?" त्याने विचारले. आपल्या गावाचे नाव दगडावर आहे, असे त्याचा आजा सांगत असे. उद्या माणसे चार दिशांना जाणार. निदान नाव कागदावर उतरावे, एवढीच त्याची इच्छा होती.

ठसा घ्यायला मी दगडावर ओला कागद चिकटवला, ब्रशने ठोकला, शाईचा बोळा फिरवला. कागदभर काळ्या रंगात नुसते ओरखडे उमटले. मग दगडाच्या बुडाची माती उकरली. जमिनीखाली एक ओळ शाबूत होती. तिच्यात लेख कोरणाऱ्या कारागिराचे नाव होते. गावाचे नव्हते.

म्हाताऱ्याने ओरखड्यांवर बोट ठेवले. "मोर हाथ ले मेटा गे का, बाई?" (माझ्या हातून पुसलं का?)

"नाही, बाबा. आधीच झिजलं होतं."

त्याने दोन्ही हात जोडले. मला ते बघवेना.

परतताना भाऊजींनी माझी गुंडाळी स्वतःच्या खांद्यावर घेतली. मग म्हणाले, "खोटं बोलल्या ना, ताई?"

"हो."

"बरं केलं. म्हातारा झोपन तरी."

नागपूरला पोचल्यावर मी अहवाल लिहायला बसले. लिहिले, "वरच्या ओळी झिजल्यामुळे वाचता येत नाहीत." तो अहवाल अजून तसाच आहे. तळ्याकाठी बोललेल्या खोट्याबद्दल मी कधी स्वतःला दोष दिला नाही. पण टेबलाशी बसून हे वाक्य लिहिताना समोर म्हातारा नव्हता. तिथे मी फक्त माझे पत्र लपवत होते.