बेशरमीची रांग

बोदलकशाच्या तलावाचं पाणी ओसरलं की मागच्या अंगाला दलदल उघडी पडते आणि तिच्यात दोन-तीन बेटं. बेटांवर कमरेएवढं गवत. तिथली पायवाट चिखलाखालून जाते, डोळ्यांना दिसत नाही. ती ठाऊक होती आमच्या गावच्या भोजराजला. दरवर्षी तो बांबूने तळ चाचपत जायचा आणि घट्ट जागी बेशरमीच्या फांद्या खोचायचा. बेशरमीला गुरं तोंड लावत नाहीत, आणि फांदी पडेल तिथे मुळं धरते. त्या रांगेवर अख्खं गाव डोळे मिटून चालायचं. भोजराजला याचा भारी तोरा, आणि तो तोरा मला कधीच आवडला नाही.

२००६च्या पावसाळ्यात तलाव तुडुंब भरला. पाणी उतरलं तेव्हा रांग हिरवीगार उभी होती, पण दुसऱ्या बेटापाशी उजवीकडे वळलेली. आधी ती डावीकडे वळायची. पुरात मोडलेल्या फांद्या वाहत जाऊन मऊ गाळात रुजल्या असणार. मी तसं म्हटलं.

"रांग मी लावली का तू?" भोजराज भडकला. "मले नोको शिकवू."

त्या वर्षी त्याने बांबू हातात धरलाच नाही.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको भागीरथा बेटावरचं गवत कापायला विळा घेऊन पुढे निघाली, मागे आम्ही दोघं. वारा पडलेला, पाखराचाही आवाज नाही. मला भीती वाटत होती. ती रांगेसोबत उजवीकडे वळली आणि छातीपर्यंत खाली गेली. ओरडायलाही तिच्यात श्वास उरला नाही. भोजराज चिखलावर पालथा पडला, मी त्याचे पाय धरले, आणि कसंबसं तिला ओढून काढलं.

काठावर आल्यावर तिने विचारलं, "तुमी पाहून घेतलं होतं ना?"

"हो," भोजराज म्हणाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार, तोच ती म्हणाली, "मंग माझाच पाय बाजूले पडला असन."

सकाळी ती पुन्हा विळा घेऊन निघाली. त्याच रांगेने. तिला चिखलात उतरताना पाहून भोजराज अनवाणी धावला.

"थांब भागीरथा! मी पायलंच नव्हतं!"

ती थांबली. घोट्याएवढ्या चिखलात उभी राहून तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"मंग काल हो काऊन म्हनलं? मी आज मेली असती."

भोजराजने हात पुढे केला. ती त्याचा हात न धरता एकटीच बाहेर आली.