जखम बांधली कोणी

घड्याळजींचा जन्म बारीक बघण्यात गेला. दिवसभर डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त करायची, आणि दुकान बंद केलं की त्याच भिंगातून जुन्या चित्रकथा बघायच्या. त्यातला रानटी योद्धा वीतभर रुंद तलवारीने राक्षस कापायचा, मांत्रिकांना लोळवायचा. शाळेत असताना ते त्याच्या नादी लागले ते लागलेच. बायको त्याला उघडाबंब म्हणायची. "एवढी राज्यं जिंकली, पण मेल्याला एक सदरा शिवून घेता आला नाही."

मग नजर गेली. आधी स्प्रिंगा दिसेनात, मग काटे, मग चेहरे. दुकान सुटलं ते त्यांनी गिळलं. पण मित्रांना कळू द्यायला ते तयार नव्हते. याच योद्ध्याचे वेडे असलेले हे मित्र दर रविवारी जमत, तावातावाने भांडत, आणि शेवटचा शब्द घड्याळजींचा असे. आंधळ्याला कोण विचारणार? तब्येतीचं निमित्त सांगून ते रविवार टाळू लागले. कपाटातला अंक काढायचे, हुंगायचे आणि परत ठेवायचे. बायको ते रोज बघायची.

शेवटी तीच चष्मा लावून शेजारी बसली. "द्या इकडे. मी सांगते."

सुरुवातीला तिने वाण्याची यादी वाचावी तसं सांगितलं. "साप आहे. मोठा आहे. ह्याने मारला. झालं."

"अगं, तलवार कुठल्या हातात? मागे चंद्र आहे ना?"

ती वैतागायची, पण नीट बघू लागली. आणि एक दिवस अडली.

"अहो, ह्या चित्रात उजव्या खांद्यातून भळाभळा रक्त वाहतंय. पुढच्यात घोड्यावर बसलाय आणि खांद्याला पट्टी. बांधली कोणी?"

"त्यानेच बांधली असेल."

"एका हाताने? अशी गाठ मारून दाखवा बघू."

घड्याळजींनी उपरण्याला एका हाताने गाठ मारून बघितली, बसेना. तलवारीवरची नक्षी त्यांना पाठ होती. पट्टी कधी दिसलीच नव्हती. मग दोघांनी एकेक अंक काढला. सगळीकडे तेच. आधी जखम, मग पट्टी, आणि मधलं चित्र कुठेच नाही.

पुढच्या रविवारी त्यांनीच मित्रांना बोलावलं. "मला आता दिसत नाही," ते आल्या आल्या म्हणाले. "ही बघते, मी ऐकतो." मग त्यांनी पट्टीचा प्रश्न टाकला. पिकल्या केसांची ती मंडळी पानं उलटत राहिली.

"असेल कोणीतरी," दंतवैद्य मित्र अखेर म्हणाला. "तेवढ्यासाठी कोण चित्र काढणार?"

डोळ्यांत औषध घालायची वेळ झाली होती. बायकोने घड्याळजींची मान मागे केली, पापणी धरली.

"पट्टी बांधणारा हा हात कोणी काढलाच नाही बघा," घड्याळजी म्हणाले. "मीसुद्धा आत्ता पाहिला, दिसेनासं झाल्यावर."

"हलू नका, थेंब बाहेर गेला," ती म्हणाली. तिने चष्मा वर करून स्वतःचे डोळे पुसले, पण दुसरा थेंबही बाहेरच गेला.