हिरवी ताटली

“कोरी आहे ना, वहिनी? मग मातीच्या भांड्यात जेवायला हरकत नाही,” शेजारचे गुरुजी आईला म्हणत होते. त्यांच्या पुढ्यात हिरव्या झिलईची ताटली होती. आमच्या वरच्या खोलीतल्या जपानी भाडेकरणीनं ती मायदेशी जाऊन स्वतःच्या हातानं घडवून आणली होती. समोर बसून ती वरणभात खात होती.

गुरुजी रामघाटावर वेद शिकवतात. चहा मातीच्या कुल्हडातूनच पितात आणि संपला की कुल्हड पायरीवर आपटतात, तिकडे न बघता. मला ‘बिटिया’ म्हणतात, पण उत्तराची वाट पाहत नाहीत. ते मला बरं वाटतं.

गुरुजींचं जेवण आधी झालं. त्यांनी ताटली दोन्ही हातांनी अंगणात नेली आणि दगडावर आपटली. मग हात धुऊन त्यांनी हसत भाडेकरणीला नमस्कार केला.

तिचा घास हातातच राहिला.

“काय झालं? उष्टी माती कोणी ठेवतं का?” गुरुजींनी विचारलं.

मीच म्हणाले, “गुरुजी, ताटलीच्या मागे तिनं तुमचं नाव कोरलं होतं. मीच तिला लिहून दिलं होतं.”