कारंज्याच्या जाळीपाशी आई

लातुरात आमच्या कॉलनीच्या बागेत जमिनीतून उडणारी कारंजी बसवली, तेव्हा सगळ्यात आधी मीच कुरकुरलो. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही आणि हे हवेत उडवायला निघाले! हौद नाही, कठडा नाही, नुसती खरखरीत फरशी आणि तिला भोकं. फरशीखाली टाकी आणि मोटार. मोटार गुरगुरते, पायाखाली थरथरतं, मग पाणी उसळतं, पोरं भिजतात आणि तेच पाणी कडेच्या जाळीतून परत टाकीत जातं. पहिल्या दिवशी निम्मी कॉलनी कळश्या घेऊन आली. वॉचमन ओरडून दमला, "अवो, प्यायचं न्हाई ते, खेळायचं हाय!" खेळायचं पाणी ही गोष्टच आमच्या डोक्यात शिरेना. मला हसू आलं खरं, पण बायकोने मलाही बादली देऊनच पाठवलं होतं.

उन्हाळा संपायच्या आत माझं तोंड बंद झालं. मी क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. पोरांच्या डॉक्टरकीपायी भोकर, रेणापूर, कुठून कुठून आलेल्या आया आमच्या गल्लीत एकेका खोलीत राहतात. पोरगं क्लासला गेलं की दिवसभर भिंतीकडे बघत बसायच्या. त्या आता कारंज्यालगतच्या कट्ट्यावर पाय ओले करत बसू लागल्या, एकमेकींना लोणच्याच्या वाट्या देऊ लागल्या. रांगती लेकरं बिनघोर सोडता यायची, बुडायची भीतीच नाही. वर्गात ज्यांचं हसणं मी कधी ऐकलं नव्हतं, ती मुलं पँट दुमडून किंचाळत होती. मला फार बरं वाटलं.

आणि माझी आई घराबाहेर पडली. भूकंपात गावचं आमचं घर बसलं, तेव्हा आई आणि माझी धाकटी बहीण ढिगाऱ्याखाली सापडल्या. आई निघाली, बहीण गेली. मी कमावता झाल्यापासून आई माझ्याकडे, दारातल्या खुर्चीत. ती आता रोज पाचला स्टीलचा तांब्या घेऊन बागेत निघू लागली. तांब्या कशाला, हे मी विचारलं नाही. जातेय ना, मग जाऊ दे.

महिन्याभरात वॉचमनने मला गाठलं. "सर, तुमच्या आईकडं बघा जरा. बाया भिऊन राहिल्या." आई कारंज्याचं पाणी तांब्यात धरायची, जाळीपाशी बसून ते बारीक धारेनं खाली सोडायची आणि जाळीशी बोलायची. कुणी म्हणे करणी, कुणी म्हणे म्हातारीचं डोकं फिरलंय. उद्यापासून पाठवू नका, एवढंच त्याला म्हणायचं होतं, पण ते त्याच्या तोंडून निघेना.

दुसऱ्या दिवशी गर्दीच्या आधी, दुपारीच मी तिच्याबरोबर गेलो. ऊन लख्ख होतं, बागेत चिटपाखरू नव्हतं. आईने फरशीवर तळहात टेकला. "आयक." खालून गुरगुर आली आणि माझ्या तळव्यांतून पोटऱ्यांत चढली. अशा मोटारींवर मी पोरांना गणितं घालतो, तरी अंगावर काटा आला. भूकंपानंतर कितीतरी महिने आमच्याकडची जमीन अशीच गुरगुरायची आणि आम्ही भरली ताटं टाकून बाहेर पळायचो.

"आई, मोटार आहे ती."

"हाव, मोटारच हाय. तेवढं कळतंय मला. पर मोटारीच्या मागं ती हाय."

मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने सांगितलं. मातीखाली बहीण तिच्यापासून हातभर अंतरावर होती. दुपारपर्यंत पाणी मागत होती. "मी म्हनलं, बोलू नगं, दम धर, दादा येतोय. मग ती बोललीच न्हाई." जाणाऱ्या माणसाच्या तोंडात आपण पाणी घालतो, तेही तिला मिळालं नाही. गावातल्या सगळ्या मेलेल्यांना एकत्रच अग्नी दिला होता.

दादा म्हणजे मी. मी तेव्हा लातुरात खोली करून क्लासला होतो. पहाटे खोली हलली, भांडी पडली, आम्ही पोरं रस्त्यावर धावलो. पण सकाळी सातला टेस्ट होती आणि क्लासने सुट्टी सांगितली नव्हती. मी जाऊन पेपर सोडवला. सगळेच बसले होते. गावी पोचलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. गाडीच मिळाली नाही, असं मी आईला सांगितलं. तिने त्यावर कधी एक शब्द विचारला नाही, आणि तिच्या त्या न विचारण्याला मी आजवर घाबरत आलो आहे.

संध्याकाळी वॉचमनपुढे मी हात जोडले, बहिणीचं झालं ते सांगितलं. भोकरच्या एक बाई कट्ट्यावरून ऐकत होत्या. त्या उठल्या आणि आपल्या धाकट्या लेकीला घेऊन आईच्या शेजारी जाऊन बसल्या. हळूहळू बाकीच्याही आल्या. पोरं फरशीवर, आई जाळीपाशी. कुणाची कुणाला अडचण होईना.

पुढे मोटार जळाली आणि फरशी कोरडी पडली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आई घरात दिसेना म्हणून बागेत गेलो. ती एकटीच जाळीपाशी मांडी घालून बसली होती. तांब्या शेजारी उपडा.

"आज पाणी नाही, आई."

"म्हनून तर आले. मोटार न्हाई, लई साफ आयकू येतंय."

फरशीवर पाय टेकवायचं मला धाडस झालं नाही. मी कडेलाच उभा राहिलो. "काय म्हणते?"

"पुरे म्हनती पाणी." आईने पदराला हात पुसले. "दादा कवा आलता, इचारत होती."

मी कडेवरून एक पाऊल मागे सरलो.

"मी सांगितलं, सकाळीच आला."