बकरीचा वास

लकडगंजातला तो मिस्त्री कोणतीही गाडी आली की बॉनेट उघडण्याआधी खिडकीत नाक घालायचा. उद्या बहिणीची पाठवणी होती, आणि उसन्या आणलेल्या अँबेसेडरला बकरीचा वास येत होता. घरातला पहिला बी.ए. मी, मागच्या सीटखाली अत्तराची बाटली ओतून मोकळा झालो होतो.

"अत्तर काहून टाकलं गा? आता वास कुठून येऊन राहिला, मले कसं समजन?"

भर उन्हात काचा लावून, डोळे मिटून तो आत बसला. घामाघूम होऊन उठला आणि सीटखालचं बारदान त्याने उपसलं. मूत तिथे मुरलं होतं. पत्रा सोड्याने घासला, वाळवला.

"आता तुम्ही बसा. काचा लावा."

मी बसलो. काचेपलीकडून तो माझं तोंड न्याहाळत होता. मी हसलो, तेव्हाच त्याने हत्यारं आवरली.