आधी माझा जबडा

"अहो, राखीव कोट्यातल्या हाताला मी माझा जबडा नाही देणार."

डॉक्टर हसत हसत बोलले. अंबरनाथला शिवमंदिराकडे त्यांचा दवाखाना, पंधरा वर्षांची प्रॅक्टिस. उल्हासनगरला कॅम्प तीनच्या हॉलमध्ये आम्ही वीसेक डेंटिस्ट जमलो होतो. जबड्याची सर्जरी आणि भूल यावर महिन्यातून एक रविवार वर्ग असायचा. सुईचा सराव एकमेकांवरच करायचा, अशी रीत. आधी तू मला टोच, मग मी तुला.

मी आधी दिला जबडा. उजवीकडून या डॉक्टरांनी टोचलं. सुई हाडाला लागली, डोळ्यांत पाणी आलं, तरी गप्प. डावीकडून त्यांच्या मित्राने. मग माझी पाळी. सिरिंज भरून उभी राहिले, तेव्हा हे वाक्य. छातीवरच्या चिठ्ठीवर आडनाव होतं ना माझं!

चार-पाच जण हसले. बाकीचे वहीत डोकं घालून बसले. शिकवायला आलेले सर घड्याळ बघून म्हणाले, "ठीक आहे मॅडम, तुम्ही नुसतं बघा."

ओरडायचं होतं मला. पण ओठ बधिर, जीभ बधिर. "का" एवढंही धड फुटेना. हनुवटीवरून लाळ गळली. कोणीतरी कापूस पुढे केला. लांबूनच.

आणि मला ती सुई शिकायचीच होती हो. आबांसाठी, माझ्या वडिलांसाठी. सगळा जन्म कारखान्यात गेला त्यांचा. मागची दाढ सडून जबडा धरलेला, तोंड जेमतेम एक बोट उघडायचं. पुरी भूल द्यावी तर छाती खराब. मोठ्या हॉस्पिटलने हात वर केले होते. मिटल्या दातांच्या कडेने एक सुई देतात, मग जबडा सैल पडतो. तेवढाच मार्ग होता. आबा आल्यागेल्याला सांगायचे, "दुसऱ्या कुनाचा हात नको. माझी बाय काढंल दाढ."

बेलवलीला घरी पोचले. माझं लोंबलेलं तोंड बघून आबा खाटेवरून उठलेच.

"कुनी मारलं गं बाय?"

मी मान हलवली. त्यांनी पंच्याने माझी लाळ पुसली, मी लहान असल्यासारखी. मग त्यांना पेज वाढली, मी भात घेतला. दोन घास खाल्ले आणि भातात लाल दिसलं. मी माझाच ओठ चावत होते, आणि मला पत्ता नाही! आबांनी ताट ओढून घेतलं.

"शिकलीस का सुई?"

मी पुन्हा मान हलवली. नाही.

"र्‍हाऊ दे. पुढल्या म्हैन्यात शिक." एवढं बोलून मिटल्या दातांतून पेज ओढू लागले.

संध्याकाळी बधिरपणा उतरला आणि ओठ ठणकायला लागला. तेव्हा डोक्यात उजेड पडला. कॉलेजातही हेच होतं. "नुसतं बघा." आणि मी बघत राहिले. शहाणी मुलगी! इतकी वर्षं गप्प बसून चावलं काय, तर स्वतःचंच मांस.

आबा पुढचा महिना बघायला राहिले नाहीत. छातीने गेले. दाढ तशीच घेऊन गेले.

तरी मी वर्गाला गेले.

"या मॅडम, बसा," तेच डॉक्टर खुर्ची दाखवत म्हणाले. सिरिंज त्यांच्या हातात तयार.

"आधी तुम्ही बसा. मागच्या वेळची माझी पाळी राहिलीये."

"अहो, गंमत केली होती."

"मी गंमत करत नाहीये."

सर मध्ये पडले. "मॅडम, वर्ग अडवू नका. सर्टिफिकेट मिळणार नाही."

"नका देऊ."

मी सिरिंज भरली. हात जरासुद्धा हलला नाही. आबांनी बघायला हवा होता.

"ज्याला माझ्या हातची सुई चालत नाही, त्याच्या सुईला माझा जबडा मिळणार नाही. आणि मी वर्ग सोडणार नाही. दर वेळी येईन, याच खुर्चीपाशी सिरिंज घेऊन उभी राहीन."

डॉक्टर बसले नाहीत. मी हलले नाही.